कातळाखालचा कातळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का जाणवल्याची चार ओळींची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. तीव्रता एवढी, केंद्रबिंदू धरणापासून एवढ्या किलोमीटरवर, धरण सुरक्षित, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. माझं वय आज सदुसष्ट आहे. वाचता यायला लागल्यापासून मी ही बातमी वाचत आले आहे. या खेपेला मात्र तिच्या शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं: सह्याद्रीचा काळा पाषाण अखंड आणि भक्कम असल्याने मोठा धोका संभवत नाही. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी पाटण तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तेहतीस वर्षं याच खोऱ्यात शिकवलं.

सह्याद्रीचा पाषाण अखंड नाही. आणि कोयनेचे भूकंप बहुतेक त्या काळ्या पाषाणात होतच नाहीत. ते त्याच्या खालच्या, कितीतरी जुन्या खडकात होतात.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं. मी नऊ वर्षांची होते. भाताची मळणी चालू होती, म्हणून वडील आणि थोरला भाऊ खळ्यावर राखणीला झोपले होते. घरात आई, धाकटी बहीण, मी आणि आजी. घर दगडमातीचं, दीड हात रुंद भिंतींचं, वर कौलं. आजी थंडीमुळे चुलीशेजारी, भिंतीला लागून निजायची. आम्ही तिघी मेढीच्या अलीकडे. आधी खालून गुरगुर आली, मग कोणी धरून हिसडावं तसं घर हललं. भिंत आत पडली. मेढीनं वासे धरून ठेवले म्हणून आम्ही तिघी वाचलो. आजी गेली. त्या पहाटे सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली, आणि कोयनानगरात राहण्याजोगं घर शोधावं लागत होतं.

दोन-तीन दिवसांनी वडील मला नदीपलीकडच्या वावरात घेऊन गेले. नाचणी काढून झाली होती, रान मोकळं होतं. त्या मोकळ्या रानातून भेग गेली होती. वडिलांनी हातातली काठी आत घातली, तळ लागला नाही. पण माझ्या मनात घट्ट बसलं ते निराळंच. भेग सलग नव्हती. आठ-दहा पावलं जायची, संपायची, मग हातभर बाजूला सरकून दुसरी सुरू व्हायची. आई गोधडीला टाके घालायची तसे ते जमिनीला तिरके टाके घातल्यासारखे दिसत होते. पुढे डी.एड. झाल्यावर भूगोलाची पुस्तकं मिळतील तिथून आणून वाचली, तेव्हा त्या टाक्यांचा अर्थ कळला. खाली खोल खडकाच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या की वरची माती अशी तुकड्यातुकड्यांनी फाटते. कोयनेच्या प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक तुटून जिथे सरकतो त्या जागेची, रेषा साधारण उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाते. तिच्या एका बाजूला उभं राहिलं तर समोरची बाजू डावीकडे सरकली होती. डोणीचा वाडा परिसरात या भेगा ठळक दिसल्या, म्हणून शास्त्रज्ञ या प्रस्तरभंगाला त्याच वाडीच्या नावानं ओळखतात. जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आमच्या खोऱ्यातल्या एका वाडीचं नाव आहे, आणि शेजारच्या गावातल्या पोरांना ते माहीत नाही.

आता पाषाणाचं. आमच्याकडच्या विहीर खणणाऱ्याला विचारा, तो थर तोंडपाठ सांगेल. वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्यात पांढऱ्या गारा, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा आला. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात जे वर साठलं, झिजून माती झालं, ते पुढच्या लोंढ्यानं भाजून काढलं, तो तो तांबडा पट्टा. डोंगराकडे लांबून पाहिलं की ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार. असे थर आहेत, थरांत उभ्या चिरा आहेत, चिरांतून पाणी जातं. डोंगरातले झरे मार्चपर्यंत वाहतात ते त्यामुळेच. अख्खा दगड असता तर आमच्या वाड्यांना प्यायला पाणी मिळालं नसतं.

आणि हे सगळं झाकण आहे. झाकणाखाली काय आहे हे कोयनेत कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. या भूकंपांच्या अभ्यासासाठी २०११ पासून खोऱ्यात खोल विंधनविवरं घेतली गेली. कोयनानगरजवळ रासाटीला घेतलेलं पहिलं विवर १५२२ मीटर खोल गेलं. ९३३ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, थरावर थर. त्याखाली एकदम ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे भरड दाण्यांचा, राखाडी-गुलाबी पट्ट्यांचा खडक. मध्ये वाळूचा, चुन्याचा, कसलाच दुसरा थर नाही. ज्या जमिनीवर लाव्हा पसरला ती जमीनच आपल्याला सापडली. तो खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. वरचा ६.६ कोटींचा, खालचा अडीचशे कोटींच्या पुढचा, आणि दोघं एकमेकांना चिकटून. मधल्या काळात तिथे काय साचलं आणि काय वाहून गेलं याची एकही खूण त्या सांध्यात उरलेली नाही. रासाटीची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे हा जुना खडक तिथे समुद्राच्या पातळीच्याही खाली सुरू होतो. पुढे गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर नेलं. कराडजवळ हजारमाचीला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा याच कामासाठी उभी आहे.

हाच जुना खडक उघड्यावर पाहायचा असेल तर दक्षिणेला जावं लागतं. बेळगावच्या बाजूला काळ्या पाषाणाचा थर पातळ होत जातो आणि संपतो. गोव्याकडे उतरताना अनमोड घाटात जो नाइस दिसतो तो ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. एसटीतून कितीतरी जण त्याला टेकून गेलेल्या वळणांवरून जातात.

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात विवरातून काढलेल्या दगडाचा वीतभर लांबीचा गोल तुकडा मला हातात घ्यायला मिळाला. मनगटाएवढा जाड, अपेक्षेपेक्षा जड आणि थंड. त्याच्या अंगात एक तिरकी फट होती आणि फटीच्या जागी तो दोन भागांत सुटत होता. आतली पाठ हिरवट, तुळतुळीत, आणि तिच्यावर एकाच दिशेनं गेलेले केसासारखे बारीक ओरखडे. आमच्या घरचं जातं टाकी लावायला उलटं केलं की खालच्या तळीवर असाच तुकतुकीतपणा असायचा. दगडावर दगड घासल्याशिवाय तो येत नाही. मी त्या पाठीवरून बोट फिरवलं. एका बाजूनं बोट सरकत होतं, उलट फिरवलं की अडत होतं. दगड कुठे सरकला ते बोटाला कळत होतं. आजीला नेणारा हिसडा असल्याच कुठल्या तरी पाठीवरून निघाला, हे तोवर मी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते हाताला लागलं.

धरणामुळे भूकंप होतो की नाही, यावर आमच्या पारावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. मला जे समजलं ते असं. फटी जुन्याच आहेत, धरणानं त्या पाडल्या नाहीत. फटीच्या दोन्ही बाजू ताणाखाली होत्या, घर्षणानं थोपून राहिल्या होत्या. १९६२ पासून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं, आज त्याची क्षमता १०५ टीएमसी आहे. त्या पाण्याचा दाब चिराचिरांतून खोल पोचला आणि थोपलेल्या बाजू सुटायला मदत झाली. पाणी साठू लागल्यावर लवकरच लहान धक्के सुरू झाले, १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा झाला आणि डिसेंबरात ६.३ चा. तोवर दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होणार नाही, असंच शिकवलं जात होतं. १९८५ नंतर वारणेचं धरण भरू लागलं तसे धक्के दक्षिणेकडेही वाढले. पण सगळे मिळून आजही साधारण २० बाय ३० किलोमीटरच्याच पट्ट्यात होतात, आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. धरणावर माझा राग नाही. त्या विजेवर अर्धा महाराष्ट्र चालला. पण खाली काय चाललंय हे ज्यांच्या घराखाली चाललंय त्यांना नीट सांगितलं पाहिजे, एवढं मी रागानंच म्हणते.

न सांगितल्यानं काय होतं तेही पाहिलं आहे. विवरांची यंत्रं आली तेव्हा वाडीत बोलणं सुरू झालं, की तेल लागलंय. कोणी म्हणे हिरे. नंतर एक धक्का बसला तर लोक म्हणाले भोकं पाडून भूकंप आणला, खालचा ज्वालामुखी जागा होतोय. चौथीतल्या मुलीनं मला विचारलं, बाई, लाव्हा आपल्या शाळेत येईल का? लाव्हा सहा कोटी वर्षांपूर्वी थिजला, बाळ, आता खाली आहे तो थंड, जुना दगड, आणि तो सरकतो, हे तिला मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. पण सगळ्या तालुक्याला चित्र काढून कोण सांगणार? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे जे झालं तेही झाकणाखालच्याच खडकानं. तिथे पाषाण जेमतेम ३३८ मीटर जाड निघाला आणि गाळाच्या एका पातळ थराखाली तसलाच जुना नाइस. त्या गावांनाही आधी हेच सांगितलेलं होतं, की आपली जमीन भक्कम.

म्हणून विनंती आहे. पुढच्या धक्क्याच्या बातमीत केंद्रबिंदूच्या अंतराबरोबर खोली किती होती तेही छापा, आणि धक्का कुठल्या खडकात झाला याचं एक वाक्य घाला. विवरांतून काढलेल्या दगडांपैकी चार तुकडे, काळा पाषाण, सांध्याचा, ग्रॅनाइटचा आणि तो घासलेल्या पाठीचा, कोयनानगर किंवा पाटणला पोरांना हात लावता येईल असे कायमचे ठेवावेत, यासाठी आपल्या दैनिकानं पाठपुरावा करावा. काचेच्या आड नकोत. त्याहून घाईचं काम १९६७ च्या भेगांचं आहे. त्या कुठून गेल्या हे कागदावर आहे, पण जमिनीवर बोट ठेवून दाखवणारी माझ्या वयाची माणसं आता थोडी उरली आहेत.

आमच्या वावरात वडिलांनी त्या वेळी भेगेच्या दोन्ही टोकांना एकेक दगड रोवला होता. वरच्या टोकाचा दगड दोन वर्षांपूर्वी सपाटीकरणात जेसीबीखाली गेला. खालचा अजून आहे, बांधावरच्या रायवळ आंब्यापासून सोळा पावलांवर. मोजायला, नोंद करायला कोणी येणार असेल तर मी सोबत येऊन दाखवीन. फक्त जूनच्या आत यावं. पाऊस लागला की तिथे कंबरेएवढं गवत माजतं आणि दगड दिसत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. पाटण, जि. सातारा