सोपे टेबल न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

सर्वसाधारण विमा कंपनीत प्रशासकीय अधिकारी म्हणून रुजू झालेल्या आणि आज दावे विभागाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या आपल्या एका जुन्या सहकाऱ्याचे हे पत्र आहे. ते मी मुद्दाम उघड लिहीत आहे, कारण आपण माझ्यासाठी जे केलेत ते आपल्या क्षेत्रातील कोणत्याही कार्यालयात करता येण्याजोगे असूनही फार थोड्या ठिकाणी केले जाते. आपण मला कधीही सोपे टेबल दिले नाही.

विमा कार्यालयात कोणी उघडपणे मान्य करणार नाही अशी टेबलांची एक उतरंड असते. आवक-जावक, दुचाकींच्या पॉलिसींचे नूतनीकरण आणि विवरणपत्रे ही कामे एका बाजूला. आग, अभियांत्रिकी, सागरी विमा आणि मोटार अपघातांचे न्यायालयीन दावे दुसऱ्या बाजूला. नव्याने आलेल्या मुलीला पहिल्या बाजूचे काम देतात आणि ते सद्भावनेने देतात: तिला लवकर घरी जाता यावे, कारखान्यांत आणि गोदामांत फिरावे लागू नये. मात्र पुढे बढतीच्या मुलाखतीत तिला विचारले जाते की मोठे दावे किती हाताळलेत, आणि तिच्याकडे उत्तर नसते. त्या सद्भावनेची किंमत तिने कित्येक वर्षांनी अशी मोजलेली असते. मी रुजू झाले तेव्हा माझ्यासाठीही असेच एक टेबल ठरले होते. आपण ते बदललेत आणि आगीच्या दाव्यांच्या फायली माझ्यासमोर ठेवल्यात.

आपली पिढी कोणत्या काळात या क्षेत्रात आली, हे आजच्या मुलींना ठाऊक असायला हवे. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. नोकरीसाठी निवड झालेल्या स्त्रीकडून मासिक पाळी आणि गर्भधारणेविषयीची माहिती अर्जात भरून घेतली जात होती, आणि प्रसूतीच्या रजेनंतर नीरा माथुर यांना परिवीक्षा काळातच कामावरून कमी करण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. त्याच महामंडळात 2013 मध्ये उषा सांगवान पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या, 2016 मध्ये ॲलिस वैद्यन या भारतीय साधारण विमा निगमच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि 2018 मध्ये विभा पडळकर यांनी एका मोठ्या खासगी आयुर्विमा कंपनीची सूत्रे हाती घेतली. ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. परंतु विभागीय कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यापर्यंत त्या उंचीचा रस्ता आपोआप पोहोचत नाही. तो कोणीतरी जवळच्या माणसाने, रोजच्या कामातून, आखून द्यावा लागतो.

22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. पाणी ओसरताच दाव्यांसाठी तेथे कोणाला पाठवायचे, यावर झालेल्या बैठकीत चिखल आहे, वीज नाही, राहण्याची सोय नाही, तेव्हा बाईमाणसाला नको, असे सुचवले गेले. आपण एवढेच विचारलेत की आगीच्या पॉलिसीतील पुराच्या संरक्षणाची कलमे या खोलीत सर्वांत चांगली कोणाला येतात, आणि माझे नाव लिहिलेत. शिवाय राहण्याची आणि गाडीची व्यवस्था स्वतः फोन करून लावलीत. अडचण खरी आहे हे मान्य करून ती सोडवणे आणि अडचणीचे कारण सांगून संधी काढून घेणे, यांतला फरक मला तेव्हा कळला.

तिथे जे शिकले ते कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकले नसते. बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराने भिजलेल्या खतावण्यांची पाने सुटी करून दोरीवर वाळत घातली होती, आणि सर्वेक्षक प्रत्येक पान अलगद उलटून शिल्लक मालाच्या नोंदी उतरवून घेत होते. त्या दुकानदाराच्या गोदामाचा पत्ता पॉलिसीवर वेगळाच होता, त्यामुळे दावा नाकारण्याची टिप्पणी जवळजवळ तयार होती. मी आपल्याला फोन केला तेव्हा आपण म्हणालात की मूळ प्रस्तावपत्र आणि बँकेचे पत्र पाहिल्याशिवाय कोणतीही सही करू नका. प्रस्तावपत्रात पत्ता बरोबर होता. चूक पॉलिसी टंकताना झाली होती. तो दावा मंजूर झाला, आणि माल पुन्हा भरता यावा म्हणून त्यातली काही रक्कम अंतिम अहवालाच्या आधीच दिली गेली.

त्याहून कठीण काम होते अल्पविम्याचे, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरवलेल्या दाव्यांचे. दुकानात 20 लाखांचा माल आणि विमा फक्त 12 लाखांचा, तर 10 लाखांच्या नुकसानीपोटी 6 लाखच हाती पडतात. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते, परंतु अनेकांच्या पॉलिसी त्याआधीच्या होत्या, आणि इतकी मोठी तफावत नव्या पॉलिसीतही पूर्ण भरून निघाली नसती. आपला दंडक असा होता की हा हिशेब विमाधारकाला पत्रातून कळता कामा नये. त्याच्यासमोर बसून, कागदावर आकडे मांडून, तो संतापला तर ऐकून घेऊन समजावला पाहिजे. मी तसे केले. आज माझ्या विभागात हाच नियम आहे.

बढतीचे पत्र आले तेव्हा ते नाकारण्याचा माझा विचार होता. बदली परगावी होती, मुलगी लहान होती. आपण मला धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. आपण एका कोऱ्या कागदावर पहिल्या श्रेणीपासून सातव्या श्रेणीपर्यंतचे टप्पे लिहून प्रत्येकापुढे माझे त्या वेळचे संभाव्य वय मांडलेत. या वेळी नकार दिला तर सेवाज्येष्ठतेत किती जण पुढे जातील आणि साठाव्या वर्षी मी कुठल्या पायरीवर निवृत्त होईन, हे त्यात स्पष्ट दिसत होते. मग म्हणालात की निर्णय तुमचाच आहे, फक्त तो आकडे पाहून घ्या. विमा संस्थेची फेलोशिप परीक्षा देण्याचा तगादाही त्याच दिवशी सुरू झाला. माझ्या बरोबरीच्या अनेक हुशार सहकाऱ्यांनी बढती नाकारली, आणि त्यांतल्या बहुतेकींसमोर असा कागद कोणी ठेवलाच नव्हता, याचे मला आजही फार वाईट वाटते.

या वर्षी आमच्याकडे आलेल्या दोन्ही नव्या महिला अधिकाऱ्यांना आगीच्या आणि अभियांत्रिकी दाव्यांची टेबले दिली आहेत. त्यांच्यापैकी एकीने अल्पविम्याच्या हिशेबावर मला असा प्रश्न विचारला की मला नियमपुस्तिका पुन्हा उघडावी लागली. पावसाळ्यापूर्वी विभागात दाव्यांविषयी एक दिवसाची कार्यशाळा घेत आहोत. पुराच्या दाव्यांचे सत्र आपण घ्यावे, अशी त्या दोघींची आणि माझी आग्रहाची विनंती आहे. तारीख आपल्या सोयीने ठरवू.

आपली कृतज्ञ,
दावे विभागातील आपली सहकारी