वायफाय जोडणीच्या कामाबद्दल लेखी हरकत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय: गणपती पेठ, सांगली येथील आमच्या पेढीत चुकीच्या जागी बसवलेले ॲक्सेस पॉइंट

महोदय,

आपल्या माणसांनी आमच्याकडे तीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल पसरवणारे डबे, बसवले आणि काम पूर्ण झाल्याचा कागद टेबलावर ठेवून गेले. त्यावर मी सही केलेली नाही. तरीही उरलेल्या रकमेसाठी आपल्या हिशेब विभागाचे फोन सुरू झाले असून, आपण लघुउद्योग म्हणून नोंदणीकृत आहात, 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतील, अशी आठवणही करून दिली जाते. ज्या कायद्याच्या आधारे हे सांगता, त्या 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात असंही म्हटलं आहे की सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजायची. ते 15 दिवस अजून भरलेले नाहीत. हे पत्र म्हणजे ती हरकत समजावी.

आमची इमारत जुनी आहे. खाली हळदीचं गोदाम, वर कार्यालय. दर्शनी रुंदी थोडी आणि आत लांबच लांब, मध्ये दोन फूट जाडीच्या दगडी भिंती. आपल्या प्रतिनिधीने जागा पाहूनच दर दिल्याचं आपण कळवता. तो जिन्यापर्यंत आला, चहा घेतला आणि गेला. कोटेशनमध्ये मात्र ‘संपूर्ण इमारतीत अखंड कव्हरेज’ असं लिहून दिलं.

पहिला डबा जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर उभा ठोकला आहे. का, तर जुन्या केबलचं भोक तिथे आयतं होतं. हा गोल, चपटा डबा छताला आडवा लावण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या खोक्यातल्या कागदावर तसं चित्रच आहे. छताला लावला की त्याचा सिग्नल चहूबाजूंना आणि खाली पसरतो. भिंतीवर उभा केला की तोच पसारा उभा होतो, बराचसा गच्चीकडे आणि खालच्या मजल्याकडे जातो. आज पेठेच्या रस्त्यावर उभं राहिलं तर आमचं वायफाय भरभरून मिळतं आणि आतल्या बिलिंगच्या टेबलावर फोन उणे 77 डीबीएम दाखवतो (सिग्नलची ताकद या एककात मोजतात, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर). आवाज-व्हिडिओचे कॉल नीट चालावेत म्हणून या धंद्यात उणे 67 धरून आखणी करतात. दहाचा फरक म्हणजे शक्ती दहावा हिस्सा, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको.

दुसरा डबा भागीदारांच्या खोलीत पीओपीच्या वर, लोखंडी गर्डरला टेकवून ठेवला आहे. ‘दिसायला बरं दिसतं’ असं उत्तर मिळालं. दिसायला बरं आहे खरं, पण त्याच्या एका अंगाला अख्खा गर्डर आहे आणि पलीकडच्या खोलीत त्याचा काही उपयोग नाही. तिसरा गोदामात, शटरच्या पत्र्याच्या पेटीवर. बसवला तेव्हा गोदाम अर्धं रिकामं होतं. आता पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली आहे आणि थप्पीमागे वजनाची नोंद करणाऱ्या पोराचा फोन जोडणीच धरत नाही. माल कुठे आणि किती उंच लागतो हे आमच्या हमालांनाही तोंडपाठ आहे. त्यांना कोणी विचारलं नाही.

याचा परिणाम काय होतो ते लिहितो, कारण आपल्या ग्राहक सेवेला ही तक्रार ‘स्पीड कमी’ एवढीच वाटते. परराज्यात जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन काढायचं कागदपत्र, लागतं. संध्याकाळी पेठेत ट्रक भरून उभा राहतो, मागे गाड्यांची रांग लागते, हॉर्न सुरू होतात आणि बिलिंगच्या टेबलावर पानच उघडत नाही. आमचा मुलगा लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसतो, तिथे ई-वे बिल निघतं. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची जोडणी मध्येच तुटली की व्हाउचर पुन्हा टाकायचं आणि डेटा शाबूत आहे का तेही तपासायचं. ‘सर, राउटर रिस्टार्ट करा’ हा यावरचा उपाय नाही.

आता आपण चौथा ॲक्सेस पॉइंट सुचवला आहे, अर्थात वेगळ्या पैशांनी. त्याला माझा स्पष्ट नकार आहे. फोनवरच्या फुकट ॲपमध्येही दिसतं की आपले तिन्ही डबे 2.4 गिगाहर्ट्झवर एकाच 6 नंबरच्या चॅनेलवर आणि पूर्ण ताकदीवर चालू आहेत. एकमेकांत न मिसळणारे 1, 6 आणि 11 असे तीन चॅनेल असताना तिघांना एकाच रांगेत का उभं केलं? चौथा आला की तोही त्याच रांगेत. ताकद कमाल ठेवून फायदाही होत नाही: डब्याचं ओरडणं फोनला लांबून ऐकू येतं, पण फोनचं हळू बोलणं डब्यापर्यंत पोचत नाही. फोनवर सगळे दांडे भरलेले आणि काम ठप्प, हे त्यामुळे होतं. शिवाय जिन्यात पकडलेला डबा फोन शेवटच्या खोलीपर्यंत सोडत नाही, जवळचा दुसरा असला तरी.

केबलबद्दल वेगळी आणि जास्त गंभीर तक्रार आहे. कोटेशनमध्ये शुद्ध तांब्याची कॅट सिक्स ही नेटवर्कची केबल लिहिली आहे. आपली पोरं तुकडे टाकून गेली, त्यातली एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात जिला सीसीए म्हणतात ती. डब्यांची वीज याच केबलमधून जाते. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्यापेक्षा जास्त असल्याने लांब ओढीत व्होल्टेज पडतं आणि तार तापते. गोदामातला डबा दुपारी आपोआप बंद-चालू होतो, त्याचं कारण मला इथेच दिसतं. पोती आणि तापणारी तार एका छताखाली ठेवायला मी तयार नाही.

नेटवर्कची यंत्रं ठेवायचा रॅक तळमजल्यावर जमिनीपासून दोन फुटांवर लावला आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात या पेठेत पाणी होतं, हे सांगलीत कोणालाही विचारा. काम चालू असताना मी वर लावा म्हणून सांगितलं, तर ‘खाली ड्रिल सोपं जातं’ हे ऐकावं लागलं.

आमची मागणी अशी: माल भरलेला असताना मोजणी करून प्रत्येक खोलीतला आकडा लिहून द्यावा, डब्याखाली उभं राहून केलेली स्पीड टेस्ट चालणार नाही. त्या मोजणीनुसार हेच तीन डबे छताला, दगडी भिंतींनी पडलेल्या भागांत वाटून बसवावेत. गोदामातला मधल्या वाटेवर, थप्पीच्या वर राहील असा. चॅनेल आणि ताकद तेव्हाच ठरवावी. सगळी केबल काढून कोटेशनप्रमाणे नवी टाकावी आणि तिचा चाचणी अहवाल द्यावा. रॅक वरच्या मजल्यावर न्यावा. यातल्या कशाचेही जादा पैसे मिळणार नाहीत. हे झाल्यावर उरलेली रक्कम त्याच दिवशी जमा करू.

मोजणीला येणाऱ्याने सकाळच्या वेळी यावं, संध्याकाळी गाड्या भरायच्या असतात. आणि शक्यतो शिडी घेऊन यावं. मागच्या वेळी आमचीच वापरली.

कळावे,

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार
हळद व मसाल्याची घाऊक पेढी
गणपती पेठ, सांगली

सोबत: तिन्ही जागांची छायाचित्रे, कोटेशनची प्रत, केबलचा खरवडलेला तुकडा.