टोपणनाव कोणी दिलं, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाईत भूगोल शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा अशा परीक्षांची मुलं तिथे असतात आणि अडलं की विचारतात. गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "सर, दक्षिण काशी म्हणून कुठलं गाव लिहू?" तिच्या गाइडमध्ये पैठण होतं, सराव प्रश्नपत्रिकेच्या उत्तरांत नाशिक, आणि मोबाइलवर उघडलेल्या एका मुक्त ज्ञानकोशातल्या प्रादेशिक टोपणनावांच्या लेखात कोल्हापूर. आम्ही बसलो होतो तिथून गणपती घाट पाच मिनिटांवर आहे. वाईला दक्षिण काशी म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या लेखात वाई नव्हतीच.

वाई राहिली एवढ्यावरून मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. कोल्हापूर, पैठण, नाशिक, कुणाचंच चूक नाही. कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं करवीर क्षेत्र. पैठणला गोदावरी आहे, नाथांची समाधी आहे आणि एके काळी तिथल्या शास्त्र्यांचा निर्णय दूरवर मानला जायचा. नाशिकला पंचवटी आणि कुंभमेळा. आमच्याकडे कृष्णेवरचे सात घाट, रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ आणि घाटाघाटाने होणारा कृष्णाबाईचा उत्सव. एकाच नावावर इतक्या गावांचा हक्क का, हेच तर सांगण्यासारखं आहे. लेखाने एक गाव निवडलं आणि बाकीची गाळली. का, ते कुठेच नाही.

मग मी तो लेख वही घेऊन दोनदा वाचला, उत्तरपत्रिका तपासाव्यात तसा. बहुतेक ओळींपुढे संदर्भ नाही. जिथे आहे तिथे एका क्लासच्या संकेतस्थळाचा. ते संकेतस्थळ त्या मुलीने उघडून दाखवलं, तर तिथे तीच यादी, त्याच क्रमाने. लेखात इचलकरंजीतला अनुस्वार एक अक्षर आधी पडून "इचलकंरजी" झालंय, तिथेही तसंच. कुणी कुणाचं उतरवलं हे मी सांगू शकत नाही, पण दोन्हींचा उगम एकच आहे. म्हणजे लेख क्लासचा हवाला देतो, क्लास लेखावर विसंबतो, आणि मधल्या मधे मुलं ते पाठ करतात.

आणि ही टोपणनावं निराधार नाहीत, हेच मला फार लागतं. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिलं, हे एक वाक्य जोडलं असतं तर त्या नावाला अर्थ आला असता. सांगलीपुढे "हळदीचे शहर" एवढंच आहे. सांगलीकर स्वतःच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' तिथे रंगमंचावर आणलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. हे लेखात नाही. आमच्या शेजारच्या भिलारपुढे "पुस्तकांचे गाव" लिहिलंय, पण ते सरकारी उपक्रमातून मिळालेलं नाव आहे आणि त्याची तारीखही ठाऊक आहे: ४ मे २०१७. लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव आणि योजनेने दिलेलं नाव एकाच रकान्यात कसं बसेल? आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे बघा. घरटी माणूस फौजेत म्हणून त्याला मिलिटरी अपशिंगे म्हटलं जाऊ लागलं आणि आता मिलिटरी हा शब्द गावाच्या नावाचाच भाग झालाय. टोपणनावाचं नाव कसं होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. लेखात तेही नाही.

आता ज्या ओळीवर माझा हात थांबला ती सांगतो. "घाटी : पश्चिम महाराष्ट्रातील लोक." संत्रानगरी आणि द्राक्षनगरी यांच्या खाली, तशाच अक्षरांत.

माझे वडील जावळी तालुक्यातले. मस्जिद बंदरला माथाडी होते. टोळीतली सगळी माणसं आमच्याच पट्ट्यातली, मुकादमही गावचाच. एका खोलीत पंधरा-सोळा जण पाळीपाळीने झोपायचे. दिवसभर पोती वाहून वाराईचे, म्हणजे हमालीचे, पैसे वाटून घ्यायचे. शाळेच्या सुट्टीत मी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. गाळ्यावरचा माणूस त्यांच्यापेक्षा वयाने लहान होता. तो म्हणाला, "ए घाटी, पोरगं बाजूला घे." वडिलांनी मला बाजूला घेतलं. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

पण चाळीत खालच्या मजल्यावर एक कोकणी म्हातारी होती. ती आम्हाला "घाटावरची पोरं" म्हणायची आणि हातावर खोबऱ्याची वडी ठेवायची. वडील स्वतःही "आम्ही घाटावरची माणसं" असंच सांगायचे. घाट तोच. एकीकडे तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा पत्ता आहे, दुसरीकडे शिवी. मुंबईच्या दुकानात घाटी मसाला मिळतो, तिथे त्या शब्दाला नुसता लसणाचा वास आहे. गोव्यात तोच शब्द घाट उतरून आलेल्या कुणालाही लावतात, मग तो मराठी बोलणारा असो की कन्नड, आणि तिथेही तो बहुधा मानाने लावत नाहीत. शब्द कोण म्हणतं, कुणाला, कुठे आणि कोणत्या सुरात, हे न सांगता त्याचा अर्थ देताच येत नाही. उद्या ती ओळ वाचून एखादा विद्यार्थी साताऱ्याच्या पाहुण्याला साधेपणाने घाटी म्हणेल. तेव्हा दोष त्याचा नसेल.

त्या मुलीच्या मदतीने मी लेखात दोन वाक्यं घातली: हा शब्द अनेकदा हिणवण्यासाठी वापरला जातो, आणि मुंबईतल्या हमालीच्या, गिरणीच्या कामाशी त्याचा संबंध आहे. दुसऱ्या दिवशी ती काढलेली होती. कारण दिलं होतं, "वैयक्तिक अनुभव, संदर्भ नाही." मला वाईट वाटलं, पण तो नियम मला पटतो. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, संदर्भ असतात. लिहिणारा कोण आणि त्याने कशावरून लिहिलं, हे वाचणाऱ्याला कळतं. तोच नियम त्या लेखातल्या उरलेल्या ओळींनाही लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. माझी दोन वाक्यं पुराव्याअभावी जातात, तर "पश्चिम महाराष्ट्रातील लोक" ही ओळ कशाच्या आधारावर राहते?

म्हणून आपल्या वाचकांकडे एक मागणं आहे. १९६९ चा माथाडी कायदा होण्याआधीच्या आणि नंतरच्या चळवळीची पत्रकं, गिरणगावातली कात्रणं, मुंबईहून गावी आलेली जुनी पत्रं काही घरांत अजून असतील. घाटी, कोकण्या, वऱ्हाडी असे शब्द त्यांत कुठे आणि कसे आले आहेत ते बघा. छापील मजकूर असेल तर अंकाचं नाव, तारीख आणि पान लिहून जवळच्या ग्रंथालयात द्या. कुणा संशोधकाने त्यावर चार पानं लिहून छापली, तर ज्ञानकोशाला दाखवायला संदर्भ तयार होईल. वडिलांची पत्रं मी पेटीतून काढली आहेत. त्यांत तो शब्द एकदाही नाही. त्यांनी तो कधी लिहिलाच नाही. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी लिहिला असेल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
वाई, जि. सातारा