वहीतलं ६०

चि. मनू,

काल रात्री ड्यूटीवरून आलो तेव्हा तू झोपली होतीस. गणिताची वही उघडीच होती. "सईजवळ ४५ रुपये आहेत. ते रोहनपेक्षा १५ रुपयांनी जास्त आहेत. तर रोहनजवळ किती?" तू ६० लिहिलंस. त्यावर लाल फुली, आणि खाली तुझ्या अक्षरात, "मला गणित येत नाही."

ते वाचून जीव कळवळला. ४५ नि १५ मिळून ६० च होतात गं, बेरीज तुझी बरोबर आहे. "जास्त" दिसलं की मिळवायचं, "उरले" दिसलं की वजा करायचं, असं गेल्या वर्षी मीच तुला सांगितलं होतं. माझं चुकलं. ते विसरून जा. आकड्यांकडे न बघता आधी माणसं बघ. जास्त कुणाजवळ? सईजवळ. मग रोहनजवळ ४५ हून कमीच असणार, ६० कुठून येतील? एवढं कळलं की ३० काढायला तुला कुणी लागणार नाही.

आजीला गाळ्यावर बघतेस ना? ६८ रुपयांची भाजी झाली, गिऱ्हाइकानं १०० ची नोट दिली, तर ती वजाबाकी मांडत बसत नाही. ६८ वरून चढत जाते: हे दोन, सत्तर झाले, हे तीस, शंभर झाले. सुटे कमी असले तर म्हणते, "वर अठरा द्या," आणि ५० ची नोट हातावर ठेवते. हे कसं जुळतं ते तू शोध, मी सांगणार नाही. गवार ८० रुपये किलो असली तर पाऊण किलोचे ६० ती वजन करता करता सांगते, कारण पाव किलोचे २० तिनं मनात आधीच काढून टाकलेले असतात. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, तिच्या वडिलांनी तिच्याकडून पाठ करून घेतले. ते आण्यांच्या काळातले. १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे असत, म्हणून पाव-पाऊण त्यांच्या रोजच्या तोंडात.

संध्याकाळी डब्यातली नाणी काढ, सईची एक रास कर, रोहनची दुसरी. शनिवारी गाळ्यावर मोड परत द्यायचं काम तुझं. आजीशी बोललोय, ती मध्ये बोलणार नाही. डबा मी भरून ठेवलाय, उपमा गरम करून खा.

तुझा,
बाबा