‘365 नॅनोमीटर’ छापून जांभळी विजेरी विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या अतिनील प्रयोग संचातली विजेरी अतिनील नाही. खोक्यावर 365 नॅनोमीटर ही अतिनील प्रकाशाची तरंगलांबी छापलीय, आतून निघतो तो साधा जांभळा उजेड.

पुस्तिकेतला पहिला प्रयोग टॉनिक वॉटरचा. त्यातलं क्विनाइन 350 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून निळं चमकतं. आठवीच्या वर्गात खिडक्यांना चादरी लावून बाटलीवर विजेरीचा उजेड पाडला. बाटली नुसती जांभळी दिसली. तीच बाटली पतसंस्थेतल्या नोटा तपासायच्या यंत्राखाली धरली, तर लख्ख निळी! पुढचा प्रयोग म्हणे त्यात मीठ टाकून चमक मंदावते ते बघा. मिठातल्या क्लोराइडने मंदावते, खरंय. पण मुळात चमकच नाही, तर मंदावणार काय, आमचा उत्साह?

आता आजच्या फोनबद्दल. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, मग चमक कशी दिसेल?" मी शांतपणे सांगितलं की किरण दिसत नाहीत, पण क्विनाइन ते शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं; त्यालाच प्रतिदीप्ती म्हणतात आणि तो शब्द तुमच्याच पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. पलीकडे शांतता. मला वाटलं, पटलं. मग विचारतो, "घरात कोणी सायन्सवालं आहे का? त्यांना फोन देता?" अहो, मी विज्ञान शिकवते! हे ऐकल्यावर त्याने विचारलं, "हळद चमकली का?" स्पिरिटमधली हळद चमकली, हो. "मग विजेरी चांगली आहे," म्हणून तक्रार बंद. हळदीतलं कर्क्युमिन जांभळ्या-निळ्या उजेडातही चमकतं, हे संच बनवणाऱ्यांना मी सांगायचं?

खोक्यावरच्या चित्रातला संरक्षक चष्माही आत नव्हता. विजेरी अतिनील नसल्याने तो लागलाच नाही, एवढी मात्र तुमची कृपा.

विज्ञानाचं साहित्य विकणाऱ्यांकडून ही अपेक्षा नव्हती. खरी 365 ची विजेरी आणि चष्मा आठवड्यात पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन. एवढ्याशा खरेदीच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. आणि पुन्हा लिहिते: विजेरी अतिनील नाही. उत्तर लेखी द्या, फोन करू नका.

एक विज्ञान शिक्षिका

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही प्रकाशांतल्या बाटलीचे फोटो