सोल्डरिंग झालं की बोर्ड धुऊनच द्या

महोदय,

पाऊस सुरू झाला की वेंगुर्ल्यातल्या माझ्या दुकानात एका ठरावीक प्रकारची कामं वाढतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी कुठेतरी दुरुस्त झालेले आणि पुन्हा बंद पडलेले बोर्ड. कधी फ्रीजचा, कधी इन्व्हर्टरचा, कधी रिमोटच्या पंख्याचा. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, चांगला असतो, पार्टही चांगला असतो. नुसता फ्लक्स, म्हणजे टाका धरावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ, पुसायचा राहिलेला असतो. त्यासाठीच हे पत्र.

मागच्या जुलैत मासळी विकणाऱ्या एक मावशी आल्या. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली कोथिंबीर काचेसारखी मोडत होती आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. एप्रिलमध्ये कुणीतरी त्या फ्रीजच्या बोर्डावर थंडी मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर नवा लावून दिला होता. मी सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात धरला, मोजला, बरोबर होता. कनेक्टरचे टाके भिंगाखाली पाहिले. चकचकीत, नावं ठेवायला जागा नाही. पण त्यांच्याभोवती पिवळट चिकट थर, त्यात रुतलेली धूळ, आणि दोन पिनांच्या मधल्या तांब्याच्या रेषेवर हिरवा गंज.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. २५ अंशांना १० हजार ओहमचा थर्मिस्टर ४ अंशांना साधारण २५ हजारांवर जातो. आता समजा, त्याच्या दोन पायांमध्ये ओलसर फ्लक्समुळे लाखभर ओहमची चोरवाट तयार झाली. मग बोर्डाला २५ ऐवजी २० हजारच दिसतात. त्याच्या लेखी फ्रीज अजून थंड झालेलाच नसतो, म्हणून तो कॉम्प्रेसर चालवत राहतो. मी बोर्ड धुतला, वाळवला, परत बसवला. एकही नवा पार्ट टाकला नाही. फ्रीज पूर्वीसारखा चालू-बंद होऊ लागला. मावशींचं तीन महिन्यांचं वाढीव वीजबिल मात्र मला परत देता आलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फ्लक्सचं काम तांब्यावरचा काळपटपणा खाऊन टाकायचं, म्हणजे टाका धरतो. मुळात ती पाइनच्या झाडाची राळ. तिला जोर यावा म्हणून आम्लधर्मी द्रव्यं मिसळतात. टाका झाल्यावर ती आपोआप नाहीशी होत नाहीत. कोरड्या हवेत बोर्ड एखाद वेळ निभावून नेतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो आणि हवेत समुद्राचं मीठ असतं, तिथे हा उरलेला थर ओल ओढून घेतो आणि वीज वाहू देतो. पत्र्याच्या कामाची, झिंक क्लोराइडची पेस्ट तर बोर्डाजवळ आणूच नये.

‘नो-क्लीन’, म्हणजे धुवायला नको असा फ्लक्स, या नावाने पुष्कळांची फसगत झाली आहे. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. त्यामुळे बोर्ड धुण्यासाठी कारखान्यांत वापरलं जाणारं सीएफसी-११३ हे ओझोनला मारक रसायन बंद होत गेलं आणि न धुता चालेल असा फ्लक्स पुढे आला. पण तो पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. आपण हाताने भरमसाट लावतो, त्यातला टाक्यापासून लांब सरकलेला फ्लक्स तापतच नाही. तो पुसलाच पाहिजे.

पुसायला ९९ टक्क्यांचा आयपीए घ्यावा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं, बहुतेकांत ग्लिसरीनही असतं. करोनाच्या काळात सॅनिटायझरने पुसलेले बोर्ड मी पुन्हा धुतले आहेत, अजून चिकट होते. थिनर आणि पेट्रोलही नको, प्लॅस्टिक खातात. आधी सप्लाय काढून मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करावेत. बोर्ड तिरका धरून आयपीए सोडावा, जुन्या मऊ टूथब्रशने घासावं आणि तो मळका द्रव सुकायच्या आत कापडाने टिपून घ्यावा. इथेच बहुतेक जण थांबतात, आणि सुकल्यावर बोर्डावर पांढरी साय दिसते. म्हणजे घाण निघाली नाही, पसरली. ताज्या आयपीएने दुसरा हात मारावा लागतो. रिले (विजेवर चालणारा स्विच), प्रीसेट (स्क्रूने फिरवून जुळवायचा पार्ट), माइक यांच्या आत आयपीए शिरू देऊ नये. खिडकी उघडी हवी आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न लांब हवं, कारण आयपीएची वाफ झटकन पेटते.

या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गिऱ्हाईक ‘एक टाका तर मारलाय’ म्हणून पैशांत घासाघीस करतं, मग कारागीरही धुणं सोडून देतो. मला दोघांनाही सांगायचं आहे: धुणं हा दुरुस्तीचाच भाग आहे, त्याचे पैसे घ्या आणि द्या. लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. नवसागराचा धूर काढून कथील फिरवलं की तो भांडं पाण्यात बुडवायचा, मगच आईच्या हातात द्यायचा. त्याची मजुरी आई त्या धुतलेल्या भांड्याची देत होती.

आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडच्या शिक्षकांना विनंती आहे की प्रात्यक्षिकात टाक्याला गुण देताना बोर्ड उलटा करून त्याची स्वच्छताही पाहावी आणि तिचे वेगळे गुण ठेवावेत. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं टाका सुरेख मारतात, पण त्यांना ब्रश हातात धरायला मला शिकवावं लागतं. आणि तालुक्याच्या गावांतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानदारांनी शुद्ध आयपीएच्या शंभर मिलीच्या बाटल्या ठेवाव्यात. नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुणी जाणार असेल, त्याच्यामागे लागून तो मागवण्याची वेळ आमच्यावर येते.

– एक दुरुस्ती कारागीर, वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग