टाकीच्या तोंडाशी

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. तिसरं तू लिहिलंच नाहीस, ते योग्यच केलंस. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझा रक्तदाब गोळीवर चालू आहे. आता ज्यासाठी रात्री उठून बसलोय ते लिहितो, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

गेल्या मंगळवारी मी पुन्हा एकाची कॉलर धरली.

आमच्या गल्लीच्या आपत्कालीन पथकाबद्दल तुला मागे कळवलं होतं. आम्ही वीस जण आहोत. हेल्मेट, हातमोजे, शिट्टी, हिरवं जाकीट. बंब आणि रुग्णवाहिका येईपर्यंतचा जो वेळ असतो तेवढ्यापुरते आम्ही. लहान आग विझवणं, वाहतं रक्त दाबून धरणं, तरफेनं स्लॅबचा तुकडा उचलत खाली लाकडी ठोकळे रचत जाणं, हे सगळं शिकलो. पट्ट्या बांधायच्या दिवशी तुझी फार आठवण आली. परीक्षेत तू सरांचे दोन्ही पाय एकत्र बांधलेस आणि सर उठायला गेले ते थेट फळ्यावर! मी तो किस्सा प्रशिक्षकांना सांगितला. ते म्हणाले, मोडलेला पाय चांगल्या पायाला बांधतातच, तुमच्या मित्राचं काही चुकलं नव्हतं. घे, इतक्या वर्षांनी तुझे मार्क मिळाले.

मंगळवारी मागच्या इमारतीची मैल्याची टाकी उघडली होती. एक जण आत उतरला, कमरेला दोर नाही, तोंडावर काही नाही. त्याचा धाकटा भाऊ वर उभा. ११.४२ला ओरडा ऐकू आला. वेळ नक्की सांगतो, कारण पथकाच्या नोंदवहीत पहिली ओळ मी धावतानाच लिहिली आणि ती अक्षरं माझी मलाच ओळखू येत नाहीत. मी आणि माझा जोडीदार पोचलो तेव्हा (आमच्यात कुणी एकट्यानं काही करायचं नाही, जोडीनंच करायचं) धाकट्याचा एक पाय शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. मी मागून कॉलर धरली, जोडीदारानं कमरेला मिठी घातली. पंचविशीचा पोरगा, अंगात ताकद. शर्टाचं वरचं बटण तुटून माझ्या हातमोज्यात अडकलं. तो ओरडत होता, ‘अहो, आता तर वासही येत नाही, सोडा मला!’

वास येत नव्हता, हेच भयंकर. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास आधी सडक्या अंड्यासारखा येतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. तो वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. तिथे दोन-चार श्वासांत माणूस आडवा होतो. हे आम्हाला शिकवलं होतं. पण त्या पोराला त्या क्षणी हे कसं सांगणार? मी नुसता ‘नाही, नाही’ म्हणत राहिलो.

११.४४ला अग्निशमन दलाला फोन. लोकांना मागे हटवलं, कुणी काडी ओढू नये म्हणून एकाला उभं केलं. वरून दोराचा फास सोडला आणि हाका मारल्या. त्याचा हात शिडीला टेकलेला दिसत होता. तो हलला नाही. १२.०३ला बंब आला, पाठीवर हवेचे सिलिंडर लावलेले दोघे उतरले, १२.११ला त्याला वर काढलं. रुग्णालयात नेण्याआधीच तो गेला होता.

प्रशिक्षक म्हणाले, बरोबर केलंत. पथकाच्या बैठकीत प्रत्येकानं तेच सांगितलं. मी मान हलवली. घरी आल्यावर मात्र तुझं वाक्य कानात वाजायला लागलं. विहिरीच्या काठावर, मी सोडल्यावर, तू म्हणालास ते. ‘तू नियमामागे लपतोस.’ त्यावर मी तेव्हा भांडलो, आजही भांडेन. पण झोप येत नाही.

म्हणून वाचत बसतो. १९८५मध्ये मेक्सिको सिटीला भूकंप झाला, तेव्हा साध्या नागरिकांनी आठशेच्या वर माणसं ढिगाऱ्यातून जिवंत काढली असं सांगतात. पंधरा दिवसांच्या त्या धडपडीत शंभरावर स्वयंसेवक स्वतः मेले, कारण त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ते पाहूनच लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं वस्तीतल्या लोकांना शिकवायला घेतलं. १९८६मध्ये तीस जणांची पहिली तुकडी तयार झाली. बऱ्याच देशांत अशा पथकांना जे शिकवतात ते तिथून आलंय, आणि पहिला धडा हाच की आधी स्वतः वाचा. मला हे वाचताना सारखं वाटतं की ते आठशे काढणारा तू आहेस आणि शंभरांतलाही तूच. कोबेच्या १९९५च्या भूकंपातही जिवंत निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच काढलं. सगळ्यांनी थांबून बंबाची वाट पाहिली असती तर? आणि दुसरीकडे १९८६चाच अमेरिकेतला एक सरकारी अहवाल सांगतो की अशा बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या वर, वाचवायला गेलेले होते. टाकी म्हणजे ढिगारा नव्हे, हे मला कळतं. विहीरही नव्हे.

एक गोष्ट मात्र मला खरंच खाते. बाहेरून आत ताजी हवा सोडायचा ब्लोअर आमच्याकडे नव्हता. बारा महिने आम्ही ढिगाऱ्याचा सराव केला, आणि गल्लीत पावलापावलावर असलेल्या टाक्यांचा विचार एकदाही केला नाही. आता मी सगळ्यांच्या मागे लागलोय. ब्लोअर हवा, वायू मोजायचं यंत्र हवं, प्रत्येक झाकणाला कुलूप हवं. चाळीस झाकणं मोजून झाली. जोडीदार म्हणतो, तू झपाटलायस. असेन.

तुझ्या धाकटीच्या निकालाचं कळलं, तिला शाबासकी दे. नवी जागा लागली का? वहिनींना नमस्कार. सायकलचं म्हणशील तर ती मी मोडली नव्हती, हे शेवटचं सांगतो.

तो पोरगा रोज संध्याकाळी जिन्यात बसतो. शिव्या देत नाही. मी जाताना फक्त पाय आखडून घेतो आणि मी दिसेनासा होईपर्यंत बघत राहतो. असं बघणं मी आधी एकाच माणसाचं पाहिलंय. विहिरीनंतर तू माझ्याशी दोन वर्षं बोलला नाहीस. मग एक दिवस दारात येऊन म्हणालास, ‘चल, पंक्चर काढायचंय,’ आणि आपण गेलो. त्या दोन वर्षांबद्दल मी कधी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. मी तेव्हा तुझ्या घरी आलो नाही, कारण तुझ्या आईसमोर उभं राहायचा धीर नव्हता. लोकांना सांगायचो, त्याला वेळ देतोय.

बटण माझ्या टेबलावर आहे. त्या निमित्तानं त्याच्या दाराशी जावं असं रोज वाटतं, आणि रोज मी दुसऱ्या जिन्यानं घरी येतो.

बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल, एवढं लिही. तेव्हा मी यायला हवं होतं का?

तुझाच,
कॉलरवाला